पट्टा तुटत नाही, सुटतो

परदेशात बाईक भाड्यानं घ्यायची म्हटलं की सल्ले देणारे पुष्कळ भेटतात. हेल्मेट बघून घे, ब्रेक बघ, टायरची नक्षी बघ, आधीचे ओरखडे मोबाईलवर शूट करून ठेव. सगळं बरोबरच आहे. पण मागची बॅग कशानं बांधणार, हे कोणी विचारत नाही. असेल की दुकानदाराकडं एखादी हुकवाली दोरी, असं सगळ्यांनीच धरलेलं असतं.

ऑफिसच्या कामासाठी मी महिनाभर बँकॉकला होतो. काम संपता संपता बायको आली आणि आम्ही आठवडाभर उत्तर थायलंडला जायचं ठरवलं. चियांग माईहून बाईक घ्यायची, पाई, मे हाँग सोन, मे सारियांग असा डोंगरातला फेरा मारायचा आणि परत चियांग माई. साधारण ६०० किलोमीटर आणि १,८६४ वळणं. वळणं मी मोजलेली नाहीत, पण मे हाँग सोनला हा आकडा छापलेलं प्रमाणपत्रच मिळतं. पहिल्या टप्प्यातल्या, म्हणजे पाईपर्यंतच्या ७६२ वळणांचे तर टी-शर्ट विकतात.

आंतरराष्ट्रीय परवाना मी निघण्याआधीच आरटीओतून काढून घेतला होता. (तुम्ही कोणी जाणार असाल तर त्यावर दुचाकीचा शिक्का आहे की नाही ते बघा. अपघात झाला तर विमा कंपनी आधी तेच बघते.) तेव्हा डोक्यात एवढंच होतं की एखाद्या रविवारी एकटाच, पाठीवर सॅक घेऊन, कुठं तरी फिरून येईन. दोघं जाऊ, दोघांचे कपडे असतील, डोंगरात डिसेंबरची थंडी म्हणून स्वेटर असतील, आणि ते सगळं बायकोच्या पाठीमागं बांधावं लागेल हे नंतर ठरलं. त्यामुळं बेळगावच्या घरी कपाटात चांगले दोन पट्टे पडून होते आणि मी चियांग माईत पट्टे शोधत फिरत होतो.

बाईक चांगली मिळाली, होंडाची सीबी ५०० एक्स. ती थायलंडमध्येच बनायची, त्यामुळं तिकडं सहज मिळायची. मागं लोखंडी कॅरियर होता. दुकानातल्या मुलीनं हसत हसत दोन रंगीबेरंगी इलॅस्टिकच्या दोऱ्या काढून दिल्या, दोन्ही टोकांना तारेचे हुक असलेल्या. वेगळे पैसे नाहीत, म्हणाली. एका हुकाची प्लॅस्टिकची टोपी गेलेली होती आणि तार जरा उघडलेली. दोरी ताणून बघितली तर आतलं रबर कुरकुरलं. वरचं विणलेलं कापड मात्र नव्यासारखं दिसत होतं.

या दोरीची हीच खोड आहे. रबर उन्हानं आणि हवेतल्या ओझोननं म्हातारं होतं, त्याला चिरा पडतात. पण ते कापडाच्या आत झाकलेलं असल्यामुळं त्या चिरा दिसत नाहीत. दुसरी गोष्ट हुकाची. ताणलेल्या रबरात जोर साठून राहतो. दुप्पट ताणलं तर साठलेली ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते. बांधताना हुक निसटला तर ती सगळी त्या तारेच्या टोकाला मिळते, आणि बांधणारा नेमका वाकून, तोंड समोर करून उभा असतो. डोळ्यांच्या डॉक्टरांना ही इजा चांगली ओळखीची आहे. मुलीला वाईट वाटू नये म्हणून दोऱ्या घेतल्या आणि हॉटेलच्या खोलीत ठेवून दिल्या.

मग शोध सुरू झाला. पहिला मॉल. तिथं प्रवासाच्या विभागात पट्टे होते, सुटकेसला बांधायचे, इंद्रधनुष्यासारखे रंगीत, आकड्यांचं कुलूप लावलेले. विमानतळावर आपली बॅग ओळखू यावी म्हणून ते असतात. त्यांचं बकल बोटांनी दाबलं तरी वाकतं. दहा मिनिटांत बाहेर.

दुसरं, शहराबाहेरचं मोठं हार्डवेअरचं दुकान. थायलंडमध्ये पिकअप ट्रक म्हणजे घरचं वाहन, त्यामुळं माल बांधायच्या पट्ट्यांची तिथं आख्खी भिंत होती. थाई भाषेत त्याला साय रत म्हणतात, म्हणजे आवळायचा पट्टा. मोबाईलवर तो शब्द दाखवला की कोणीही थेट त्या भिंतीसमोर नेऊन उभं करतं. मी खूश झालो. बायको म्हणाली, "हे सगळे म्हैस बांधायचे आहेत." तिचं बरोबर होतं. दोन इंच रुंद, पाच मीटर लांब, आणि पाव किलोचं लोखंडी रॅचेट.

पण त्यांच्यावरची लेबलं वाचण्यासारखी होती. युरोपच्या मानकाप्रमाणं बनवलेल्या पट्ट्यावर लेबलचा रंगच धागा सांगतो: निळं असेल तर पॉलिएस्टर, हिरवं असेल तर नायलॉन, तपकिरी असेल तर पॉलिप्रॉपिलीन. बाईकला पॉलिएस्टर बरं. नायलॉन मजबूत असतं, पण जास्त ताणतं आणि ओलं झालं की आणखी सैल पडतं. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त, पण उन्हात लवकर कुजतं आणि सायलेन्सरला टेकलं तर सगळ्यांत आधी तेच वितळतं. लेबलवर एल.सी. असं लिहून पुढं एक आकडा असतो, डेकान्यूटनमध्ये. एक डेकान्यूटन म्हणजे ढोबळमानानं एक किलोचा भार समजा. भिंतीवरच्या सगळ्यांत बारीक, इंचभर पट्ट्यावर २५० लिहिलेलं होतं.

तिथं उभ्या उभ्या हिशेब केला. आमची बॅग बारा किलोची. जोरात ब्रेक मारला तर ती जवळजवळ तेवढ्याच जोरानं पुढं, म्हणजे बायकोच्या पाठीवर येणार. खड्ड्यात आपटली तर क्षणभर दोन-तीन पट धरा. तरी चाळीसच्या आत. अडीचशेचा पट्टा तुटणार कशाला? माझ्या ओळखीत ज्यांचं ज्यांचं सामान बाईकवरून पडलं, त्यांच्यापैकी एकाचाही पट्टा मधून तुटलेला नव्हता. हुक निसटला, बकल सरकलं, शिलाई उसवली किंवा बॅग दबून बारीक झाली आणि पट्टा आपोआप सैल पडला. पट्टा तुटत नाही, सुटतो. म्हणजे त्या भिंतीवरचा मोठ्ठा आकडा बघून पट्टा निवडण्यात अर्थ नव्हता. बघायचं होतं ते बकल.

रॅचेट बादच केलं. ते दात मोजत आवळत जातं आणि हाताला अंदाज येत नाही. कपड्यांच्या मऊ बॅगेचा चिवडा होतो आणि कॅरियरचा पातळ नळ वाकूही शकतो. शिवाय लांबी. बारा किलोच्या बॅगेला मीटर-दीड मीटर पट्टा लागतो. पाच मीटरचा घेतला तर उरलेली साडेतीन मीटरची शेपूट ठेवायची कुठं? आमच्या बाईकला डाव्या अंगाला चेन आणि उजव्या अंगाला सायलेन्सर. शेपूट उजवीकडं सुटली तर जळेल, पट्ट्यावर भागेल. डावीकडं सुटली तर चेन तिला आत ओढून घेईल आणि मागचं चाक अडकेल. सामान पडणं हा त्यातला किरकोळ भाग. मागं माणूस बसलेलं असताना चाक अडकणं ही खरी भीती.

कॅम बकलचे पट्टेही तिथं होते. साधं यंत्र आहे: स्प्रिंगवरचा दातेरी खटका, पट्टा ओढला की आत सरकतो, उलटा ओढला की दात रुततात. आवळायचं ते आपल्या हाताच्या जोरानं, त्यामुळं किती आवळलं ते हाताला कळतं. मऊ बॅगेला हेच योग्य. एक जोडी उघडून मागितली. दुकानातल्या मुलानं दिली. आमची सॅक त्यात अडकवून मी तिला झटके देऊन बघितले, वीसेक तरी. पट्टा जागचा हलला नाही. मी पैसे द्यायला निघालो तेवढ्यात बायकोनं पाण्याची बाटली उघडली आणि बकलवर पाणी ओतलं. त्या मुलाचं तोंड बघण्यासारखं झालं. पुन्हा झटके दिले. सहाव्या-सातव्या झटक्याला पट्टा बोटभर सरकला, मग आणखी बोटभर.

मी सॉफ्टवेअरमध्ये बारा वर्षं काढली आहेत आणि सगळं ठीक चाललेलं असताना केलेली चाचणी किती कामाची असते ते मला माहीत आहे. पण पाणी ओतायचं हिला सुचलं. दात बोथट आणि पट्टा गुळगुळीत विणीचा असला की असं होतं. ओल्या पट्ट्यावर दात रुतत नाहीत, घसरतात. डोंगरात पहाटे धुकं असतं, दव असतं. तो पट्टा पुसून परत दिला. दुसऱ्या एका कंपनीची जोडी ओली करून बघितली, ती धरून राहिली. दात बोटाला टोचतील एवढे धारदार होते आणि पट्ट्याची वीण खरबरीत. फक्त ती अडीच मीटरची होती आणि टोकाला एस आकाराचे हुक.

हुकांचं पुन्हा तेच. ताण आहे तोवर हुक जागेवर. बॅग दबली, ताण गेला, की पुढच्या खड्ड्यात हुक उडतो. टोकाला कापडाचा फास पाहिजे, म्हणजे पट्टा कॅरियरच्या नळाभोवती स्वतःतूनच ओवून घेता येतो. मग तो सैल पडला तरी निसटत नाही. मी ती जोडी घेतली आणि हुकांचं काय करायचं ते उद्यावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंग नदीजवळच्या वरोरोत बाजाराकडं गेलो. बाजार तीन मजली, खाली सुकी फळं, मिरच्या, सॉसेज. पण बघायची गोष्ट रस्त्यावर होती. छोट्या छोट्या स्कूटरींवर माणसाच्या उंचीएवढे भाजीचे गठ्ठे, फुलांच्या टोपल्या, बर्फाची पोती. एकाही गाडीवर विकतचा पट्टा नाही. सगळं काळ्या रबरी पट्ट्यांनी बांधलेलं. जुन्या ट्यूबा उभ्या कापून केलेल्या, दोन-तीन बोटं रुंद.

आम्ही दोघंही एकदमच हसलो. उचगाव-कंग्राळीकडून सकाळी बेळगावात येणारे गवळी दुधाचे कॅन नेमके असेच बांधतात. हुक नाही, बकल नाही, गाठही नाही. एक टोक नळाला अडकवायचं, ताणत ताणत दोन वेढे द्यायचे आणि शेवटचं टोक आधीच्या वेढ्याखाली खुपसायचं. रबराला रबर असं चिकटतं की हलत नाही. सोडताना एका बोटानं टोक उपसलं की सगळं मोकळं. लहानपणापासून बघितलेली गोष्ट, पण ती एवढी विचारपूर्वक केलेली आहे हे कळायला मला चियांग माईपर्यंत जावं लागलं.

त्यात आणखी एक शहाणपण आहे. ट्यूब उघडी असते. चीर पडली तर दिसते, दिसली की पट्टी बदलायची. झाकलेल्या इलॅस्टिकची फसवाफसवी इथं नाही. शिवाय बहुतेक ट्यूबा ब्युटाइल रबराच्या असतात, कारण त्यातून हवा लवकर झिरपत नाही, आणि हेच रबर ऊन-ओझोनलाही जास्त दिवस तोंड देतं. गंमत म्हणजे नैसर्गिक रबर पिकवण्यात थायलंड जगात पहिला, आणि बाजारातला भार वाहत होतं ते कारखान्यातलं कृत्रिम रबर.

जुन्या शहराच्या खंदकाजवळ एक पंक्चरवाला मिळाला. यांग नाय, म्हणजे आतलं रबर, असा शब्द मोबाईलवर दाखवला. त्यानं मागून एक जुनी ट्यूब आणली, बाईककडं बघितलं, बायकोकडं बघितलं, मग बॅगेकडं. आणि न विचारता कात्रीनं तीन पट्ट्या कापल्या, दोन लांब आणि एक आखूड. कडा एकसारख्या कापत होता, कारण कडेला खाच राहिली तर ताणल्यावर तिथूनच फाटते. पावडर पुसून हातात दिल्या. चाळीस बाट. आखूड पट्टी कशाला ते कळेना. तो कॅरियरच्या नळाकडं बोट दाखवून काहीतरी म्हणाला. आम्ही मान डोलावली.

बाजारामागच्या गल्लीत बॅगा दुरुस्त करणारी एक बाई जाड सुईचं मशीन घेऊन बसली होती. तिला हुक दाखवून कात्रीची खूण केली आणि कागदावर चित्र काढलं: टोक दुमडून फास, आणि दुमडीवर चौकोनी शिलाई, त्या चौकोनात फुली. चित्र बघून ती हसली. तिच्याच मागं टांगलेल्या सगळ्या बॅगांच्या खांदेपट्ट्यांना तीच शिलाई होती. ओढ कुठल्याही बाजूनं आली तरी ती सगळ्या टाक्यांवर वाटली जाते, म्हणून जगभर चौकटीतली फुलीच चालते. जास्तीची लांबीही तिच्याकडूनच कापून घेतली. कापलेलं टोक तिनं मेणबत्तीवर धरून धागे वितळवले आणि मग दुमडून जाड शिवलं, म्हणजे ते बकलातून पूर्ण निसटून जाणार नाही. दोन पट्टे, प्रत्येकी १ मीटर ८० सेंटिमीटर. अर्ध्या तासाचं काम.

बांधायची पद्धत शेवटी अशी ठरली. न ताणणारे दोन्ही पट्टे आधी: एक बॅगेच्या पुढून, एक मागून, कॅरियरच्या मुख्य नळाला फास घालून. इंडिकेटरच्या दांडीला किंवा नंबरप्लेटच्या पत्र्याला काही अडकवायचं नाही. दिसायला सोयीच्या जागा आहेत, पण भाराच्या नाहीत. त्यावर ट्यूबच्या दोन पट्ट्या, फुली करून. पट्टे बॅगेला जागेवर धरतात आणि बॅग दबली की जो ढिलेपणा येतो तो रबर गिळतं. नुसतं रबर असतं तर बॅग वळणावळणाला डुलली असती. नुसते पट्टे असते तर तासाभरात सैल. शेपट्या गुंडाळून शेवटच्या रबराच्या वेढ्याखाली.

चियांग माईहून उत्तरेला मे मालाईपर्यंत रस्ता सपाट आणि रुंद आहे. तिथून डावीकडं १०९५ क्रमांकाचा डोंगरातला रस्ता सुरू होतो. वळायच्या आधी थांबून पट्टे बघितले. तेवढ्यातच दोन बोटं ढिले. कपडे दबतात, हवा निघते, पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरनंतर कितीही चांगलं बांधलेलं पुन्हा आवळावं लागतंच. त्यानंतर मात्र पाईपर्यंत हात लावावा लागला नाही.

आमचं एक ठरलेलं होतं. बॅग बायकोच्या पाठीला लागून, त्यामुळं ती हलली तर पहिल्यांदा हिला कळणार. खांद्यावर दोन थापा म्हणजे थांब. चालवणाऱ्याला आरशात बॅग दिसत नाही. मागं बसणारं माणूस हे लक्ष ठेवायचं काम न बोलता करत असतं आणि त्याचं नाव कोणी घेत नाही. दुसऱ्या दिवशी पाई सोडल्यावर घाट चढून पांग मफाकडं उतरताना दोन थापा पडल्या. थांबून बघितलं. पट्टे घट्ट, बकल घट्ट, पण फास कॅरियरच्या गुळगुळीत नळावर सरकत उजवीकडं गेले होते आणि बॅग सायलेन्सरच्या बाजूला झुकली होती. तेव्हा आखूड पट्टीचा अर्थ लागला. ती नळाभोवती गुंडाळायची, वर फास. रबरावर कापड सरकत नाही. पंक्चरवाल्यानं आमचा कॅरियर बघूनच ते ओळखलं होतं. संध्याकाळपर्यंत पट्टा केसभर हलला नाही.

त्याच रस्त्यावर, पुढं अर्ध्या तासावर, एका चढाच्या वळणाशी एक स्कूटर आडवी पडलेली दिसली. विशीतलं जोडपं, भाड्याचीच गाडी. मुलीचा गुडघा सोललेला, बाकी दोघंही ठीक. सॅक मागं चार पावलांवर पडली होती आणि निळी-पिवळी हुकवाली दोरी मागच्या चाकात, आसाभोवती दोरा गुंडाळावा तशी बसली होती. हुक आतल्या बाजूला रुतलेला. चढ होता, वेग नव्हता, म्हणून चाक अडकलं तेव्हा गाडी जागच्या जागी कलली. मुलगा पुन्हा पुन्हा सांगत होता की निघताना आपण घट्ट बांधलं होतं. मला ते खोटं वाटलं नाही. घट्ट बांधलेलंच असणार.

फळं कापायच्या सुरीनं ती दोरी तुकडे तुकडे करून काढायला वीस मिनिटं गेली. बायकोनं गुडघा धुऊन पट्टी बांधली. मग आमच्या दोन लांब रबरांतलं एक सोडून तिनं त्यांची सॅक स्कूटरच्या सीटमागच्या दांडीला बांधून दिली, गवळ्यासारखी, टोक वेढ्याखाली खुपसून. मुलीनं स्वतः दोनदा सोडून बांधून बघितलं, तेव्हाच ती उठली. आम्ही पुन्हा गाडीवर बसलो. उतार लागला, खाली खोल दरी. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मागून आवाज आला, "उतारावर असते तर रे?" मी काहीच बोललो नाही. वेग कमी केला.

मे हाँग सोनला एका पंक्चरवाल्याकडं दुसरं रबर घेतलं. यानं पैसेच घेतले नाहीत. पुढचे दिवस पट्ट्यांच्या दृष्टीनं सांगण्यासारखे नाहीत, आणि असेच दिवस हवे होते. खुन युआमचं युद्धाचं संग्रहालय बघितलं, मे सारियांगला नदीकाठी राहिलो, परतताना थायलंडचा सगळ्यांत उंच डोंगर, २,५६५ मीटरचा दोई इंथानोन, तिथं दातावर दात वाजेपर्यंत थंडी खाल्ली. रोज सकाळी बांधायला चार मिनिटं आणि पहिल्या चहाच्या थांब्यावर एकदा हात फिरवायचा, एवढंच.

गाडी परत करताना त्या दोन हुकवाल्या दोऱ्याही परत दिल्या. त्या मुलीला आमचे पट्टे दाखवले, रस्त्यात बघितलेलं सांगितलं, फोटोही दाखवला. ती गंभीर झाली. आत जाऊन मालकाला घेऊन आली. त्यानं फास उलटसुलट करून बघितला, शिवणारी बाई कुठं बसते ते विचारलं. पुढं काय झालं माहीत नाही, पण आम्ही निघताना ती मुलगी काउंटरवर बसून टोपलीतल्या दोऱ्यांचे हुक एकेक करून तपासत होती. टोप्या गेलेले बाजूला काढत होती.

पट्टे घरी आणले. एक पट्टा सध्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण धरून आहे. दुसरा एका सकाळी दारात आमच्या गवळीमामांना दाखवला आणि मोठ्या उत्साहानं सगळं सांगितलं, पॉलिएस्टर, कॅम बकल, चौकटीतली फुली. त्यांनी पट्टा कॅनला लावून ओढला, बकल दोनदा उघडून बंद केलं आणि परत दिला.

"चांगला हाय," म्हणाले, "पण कॅनला नको. कॅन रिकामा होत जातो तसा मला एका हातानं सोडाय यायला पायजे." आणि बोटानं रबराचं टोक उपसून अर्धा लिटर मापायला लागले.